राज्य कोणाचे?

हवा आपल्याभोवती सदैव असते. परंतु ती आहे याची जाणीव आपणांस क्वचितच होते. श्वास कोंडला म्हणजे मात्र तिचे मोल कळते. शासनसंस्थेचेही काहीसे असेच आहे. सकाळी नळाला पाणी येते, रस्ते झाडले जातात, शाळेची घंटा होते, एस. टी. गाडी सुटते, बाजारात दुकानदार शिक्का मारलेल्या वजनाने धान्य मोजून देतो. या साऱ्या गोष्टी आपोआप घडतात असे आपण समजून चालतो. परंतु नळ कोरडा पडला, रस्त्यावरचे दिवे विझले, की लगेच आपल्या तोंडून प्रश्न निघतो, “याला जबाबदार कोण?” हा प्रश्न लहानसा दिसतो, पण शासन म्हणजे काय हे समजून घेण्याची किल्ली याच प्रश्नात आहे.

माणसाला शासनाची गरज का भासली असावी? अशी कल्पना करा, की एका गावात एकच विहीर आहे आणि पाणी भरण्याविषयी कसलाही नियम नाही. पावसाळ्यात पाणी भरपूर असते, तोवर कुणाची तक्रार नसते. परंतु चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला, की धट्टाकट्टा माणूस पुढे घुसतो आणि म्हातारी बाई रिकामी घागर घेऊन परत फिरते. शब्दाने शब्द वाढतो. प्रसंगी हातघाईही होते. अखेर गावातील चार माणसे एकत्र बसून ठरवितात, की प्रत्येक घराला अमुक घागरी मिळाव्यात, आजारी माणसाच्या घरी आधी पाणी पोचावे आणि विहिरीचा गाळ सर्वांनी मिळून काढावा. हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी कोणास तरी नेमावे लागते. नियम मोडणाऱ्याचा निवाडा कोणी तरी करावा लागतो. गाळ काढण्याचा खर्चही सर्वांकडून थोडाथोडा गोळा करावा लागतो. पाहा, त्या विहिरीच्या काठावर शासनसंस्थेचा जन्म झाला! नियम म्हणजे कायदा, देखरेख म्हणजे अंमलबजावणी, निवाडा म्हणजे न्याय आणि गोळा केलेला पैसा म्हणजे कर.

यावरून शासनाची मुख्य कामे ध्यानात येतात. पहिले काम रक्षणाचे. परक्यांच्या आक्रमणापासून देशाचे आणि चोर-दरोडेखोरांपासून नागरिकांचे रक्षण शासनाने करावयाचे असते. दुसरे काम न्यायाचे. दोघांत तंटा झाला, तर ज्याचा दंड बळकट त्याचे खरे असे न होता, ज्याची बाजू न्यायाची त्याचे खरे व्हावे, यासाठी न्यायालये असतात. तिसरे काम सार्वजनिक सोयींचे. रस्ता, पूल, धरण, इस्पितळ, शाळा या गोष्टी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नसतात. त्या सर्वांच्या पैशातून सर्वांसाठी कराव्या लागतात. चौथे काम दुर्बळांच्या सांभाळाचे. दुष्काळ, महापूर, रोगराई अशा संकटांत ज्यांना कोणाचा आधार नाही, त्यांच्या पाठीशी शासनाने उभे राहिले पाहिजे.

सोलापूरकर मुलांना ही कामे एकाच ठिकाणी पाहावयाची असल्यास मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जावे. लाखो माणसे जमतात, पाळणे फिरतात, दुकाने थाटली जातात. त्या गर्दीत पोलीस उभा असतो. आगीचा बंब सज्ज असतो. पाण्याची व दिव्यांची सोय केलेली असते. चुकलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. यात्रा भक्तीने भरते हे खरे. पण ती सुखरूप पार पडते ती व्यवस्थेने.

शासनाचे हे चौथे काम किती महत्त्वाचे आहे, याची एक कथा आपल्या जिल्ह्याच्याच मातीत रुजलेली आहे. पंधराव्या शतकात मंगळवेढे हे गाव बीदरच्या बहमनी सुलतानाच्या अमलाखाली होते. तेथे दामाजीपंत नावाचे अधिकारी होते. परंपरा अशी सांगते, की एकदा भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून तडफडू लागली. सरकारी कोठारे मात्र धान्याने भरलेली होती. ते धान्य सुलतानाचे. त्याच्या आज्ञेवाचून त्यातील एक दाणाही कुणाला देण्याचा अधिकार दामाजीपंतांना नव्हता. तरीही त्यांनी कोठारे उघडली आणि भुकेलेल्यांना धान्य वाटले. ही वार्ता बीदरला पोचली आणि त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तेव्हा साक्षात पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची सारी किंमत सुलतानाच्या दरबारी भरली व आपल्या भक्ताला सोडविले, अशी ही कथा आहे.

भाविक या कथेत देवाची कृपा पाहतात. आपण तिच्यात आणखीही एक गोष्ट पाहू या. कोठारातील धान्य कोणी पिकविले होते? त्याच उपाशी शेतकऱ्यांनी. असे असूनही ते धान्य मागण्याचा हक्क त्यांना नव्हता. धान्य मिळाले ते एका अधिकाऱ्याचे अंतःकरण दयाळू होते म्हणून. त्यांच्या जागी एखादा निष्ठुर मनुष्य असता तर? आणि त्या दयाळू अधिकाऱ्यालाही वाचविण्यास कोणताही कायदा नव्हता. त्यासाठी देवालाच धाव घ्यावी लागली. दया ही थोर गोष्ट आहे. परंतु ती लाभेलच असा भरवसा नसतो. हक्काचा मात्र भरवसा असतो. दयेपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच शासनसंस्थेच्या सुधारणेचा इतिहास होय.

आता शासनाचे प्रकार पाहू. कोणतेही शासन ओळखावयाचे, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, सत्ता कोणाच्या हाती आहे? आणि दुसरा प्रश्न, ती सत्ता चालविणाऱ्याला जाब कोण विचारू शकतो? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून शासनाचा प्रकार ठरतो.

हे प्रकार पाहण्यासाठी दूरदेशी जाण्याची गरज नाही. १९३० च्या सुमारास सोलापूरच्या परिसरात किती तऱ्हेची राज्ये नांदत होती, ते पाहिले तरी पुरे. सोलापूर शहर मुंबई इलाख्यात होते. म्हणजे तेथे इंग्रजांचे राज्य होते. अक्कलकोट हे भोसले घराण्याचे संस्थान होते. मंगळवेढे सांगली संस्थानात मोडत असे. पूर्वेकडे नळदुर्ग, तुळजापूर या बाजूस गेले, की हैदराबादच्या निजामाची हद्द लागे. पश्चिमेला सांगोल्याच्या पलीकडील आटपाडीचा मुलूख औंध संस्थानाचा होता. एखादा व्यापारी बैलगाडीत माल भरून निघाला, तर दोन-तीन दिवसांत तो दोन-तीन राज्यांतून जात असे. पाऊस तोच, ज्वारी तीच, लोकांच्या तोंडी बोलही बहुधा तेच. परंतु सीमा ओलांडली की राजा बदले आणि कायदाही बदले.

या राज्यांपैकी संस्थाने ही राजेशाहीची उदाहरणे होत. राजेशाहीत सत्ता एका घराण्याकडे असते व ती पित्याकडून पुत्राकडे जाते. राजा चांगला निघाला, तर प्रजेचे कल्याण होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु राजा चांगला निघेलच याची हमी कोण देणार? हैदराबाद संस्थानात निजामाच्या राजवटीच्या अखेरीस रझाकार नावाच्या संघटनेने प्रजेवर अनन्वित अत्याचार केले. कित्येक कुटुंबे घरदार सोडून सोलापूरच्या आश्रयाला आली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेनेने कारवाई केली, तेव्हा एक सेना सोलापूरकडूनच नळदुर्गच्या दिशेने गेली. पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. राजेशाहीत जाब विचारण्याचा मार्ग नसला म्हणजे काय होते, हे सीमेलगतच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

इंग्रजांचे राज्य हा शासनाचा आणखी एक प्रकार. त्याला परकीय सत्ता म्हणतात. इंग्रजांनी काही उपयुक्त कामे केली, हे नाकारता येणार नाही. सोलापूरजवळ हिप्परग्याचा एकरूख तलाव त्यांच्याच काळात, एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. रेल्वेही त्याच काळात आली. १८५२ साली सोलापूरची नगरपालिका स्थापन झाली, तीही त्यांच्या कायद्यानुसार. परंतु दुसऱ्या प्रश्नाची कसोटी लावा. सोलापूरच्या कलेक्टरला जाब कोण विचारू शकत असे? मुंबईचा गव्हर्नर. गव्हर्नरला कोण? दिल्लीचा व्हाइसरॉय. आणि व्हाइसरॉयला? लंडनमधील सरकार. ही सारी साखळी वरवर चढत जाई. सोलापूरच्या गिरणीत राबणाऱ्या कामगाराकडे किंवा माढ्याच्या शेतकऱ्याकडे तिचे एकही टोक येत नसे.

या परिस्थितीचा स्फोट १९३० च्या मे महिन्यात झाला. मिठाच्या सत्याग्रहाने त्या वर्षी देश ढवळून निघाला होता. सोलापूरच्या नगरपालिकेवर एप्रिल महिन्यातच तिरंगा ध्वज फडकला होता. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाली. ही बातमी येताच शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. जमाव संतापला, पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत यांना आगी लावण्यात आल्या, काही पोलीसही मारले गेले. पोलीस व अधिकारी यांनी शहरातून काढता पाय घेतला आणि ९, १० व ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ता नावापुरतीही उरली नाही.

मग त्या तीन दिवसांत काय झाले? जो तो मनाला येईल तसा वागू लागला काय? येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट घडली. सत्याग्रहाचे स्वयंसेवक पुढे झाले. त्यांनी चौकाचौकांत उभे राहून रहदारी सांभाळली आणि रात्री पेठापेठांतून पहारे दिले. लोकांना इंग्रजांचे राज्य नको होते. परंतु राज्यव्यवस्थाच नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पोलीस गेले, तरी पोलिसाचे काम कुणास तरी करावेच लागले. शासनाची गरज लोकांना असतेच. प्रश्न एवढाच असतो, की ते शासन कोणाचे असावे.

१२ मे रोजी सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. मुलांनो, हा शब्द नीट समजून घ्या. लष्करी कायद्यात नेहमीचे कायदे बाजूला ठेवले जातात आणि सेनाधिकाऱ्याचा शब्द हाच कायदा होतो. नियम तो करतो, अंमल त्याचे शिपाई करतात आणि न्यायही त्याचीच लष्करी न्यायालये देतात. राष्ट्रध्वज मिरवणे हा गुन्हा ठरला. डोक्यावर गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणेही धोक्याचे झाले. टोपी ती केवढी! पण जेथे सत्तेला जाब विचारणारा कोणी नसतो, तेथे तिला टोपीचीही भीती वाटू लागते. जूनच्या अखेरीपर्यंत हा अंमल चालला. पुढे मे महिन्यातील घटनांबद्दल खटला भरण्यात आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. या चौघांची नावे पुन्हा एकदा वाचा. त्यांची घराणी, त्यांच्या भाषा, त्यांचे धर्म एक नव्हते. परंतु त्यांचे गाव एक होते आणि त्यांचे म्हणणेही एकच होते: आमच्यावर राज्य करावयाचे, तर ते आमच्या संमतीने झाले पाहिजे. सोलापुरातील चार हुतात्म्यांचे पुतळे याच म्हणण्याचे स्मारक होत.

सत्ताधाऱ्याने आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिल्याचे एक उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी प्रसिद्ध आहेत. पुत्र आप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ साली आपल्या छोट्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. खेड्यातील लोकांनी आपली पंचायत निवडावी, पंचायतीने गावाचा कारभार पाहावा व तंटे तोडावेत आणि त्यावर उभारलेल्या प्रतिनिधिसभेने संस्थानाचा कारभार चालवावा, अशी ती योजना होती. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची मोकळी वसाहत याच काळात उभी राहिली. तेथे कैद्यांना भिंतींत न कोंडता शेतीच्या कामातून सुधारण्याचा प्रयत्न झाला. औंधचा प्रयोग लहान होता. पण राज्याचा पाया राजवाड्यात नसून गावच्या चावडीत असावा, ही त्यामागची कल्पना मोठी होती.

जगातही शासनाचे असेच नानाविध प्रकार आढळतात. ब्रिटनमध्ये राजा आहे. परंतु कारभार चालवितो तो लोकांनी निवडलेल्या पार्लमेंटला जबाबदार असलेला प्रधानमंत्री. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच शासनाचा प्रमुख असतो व त्याची निवड ठरावीक मुदतीसाठी होते. काही देशांत एकच व्यक्ती किंवा एकच गट सारी सत्ता बळकावून बसतो. त्यास हुकूमशाही म्हणतात. १९३३ साली जर्मनीत हिटलर कायदेशीर मार्गाने प्रधानपदावर आला आणि थोड्याच महिन्यांत त्याने इतर सर्व पक्षांवर बंदी घातली. म्हणून एकदा मत दिले की लोकांचे काम संपले, असे समजणे योग्य नव्हे. दुसरा प्रश्न, म्हणजे जाब विचारण्याचा प्रश्न, रोजचाच आहे.

भारताने स्वातंत्र्यानंतर कोणता मार्ग पत्करला? २६ जानेवारी १९५० रोजी आपले संविधान अंमलात आले आणि आपला देश लोकशाही गणराज्य झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. इंग्रजी अमलात मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे; त्यामुळे बहुसंख्य लोक त्यास मुकत. संविधानाने तो भेद पुसून टाकला. गिरणीचा मालक असो वा यंत्रमागावरचा विणकर, पुरुष असो वा स्त्री, प्रत्येक प्रौढ नागरिकाला एकच मत आणि प्रत्येक मताचे मोल सारखे. प्रारंभी मतदानाची वयोमर्यादा २१ वर्षे होती. १९८९ पासून ती १८ वर्षे झाली.

आपल्या शासनाची रचना समजून घेताना लष्करी कायद्याची आठवण ठेवावी. तेथे नियम करणे, ते अंमलात आणणे व न्याय देणे ही तिन्ही कामे एकाच हातात एकवटली होती. आपल्या संविधानाने ती तीन हातांत वाटून दिली आहेत. कायदे करते ते विधिमंडळ. देशासाठी दिल्लीची संसद आणि राज्यासाठी मुंबईचे विधानमंडळ. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य असतात. लोकसभेत ५४३ सदस्य लोकांनी निवडलेले असतात. कायदे अंमलात आणते ते कार्यकारी मंडळ, म्हणजे मंत्री आणि त्यांच्या हाताखालील अधिकारी. न्याय देते ती न्यायसंस्था. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाचा निर्णय अमान्य असेल, तर उच्च न्यायालयात आणि तेथूनही सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. शासनाने स्वतः कायदा मोडला, तर न्यायालय शासनालाही थांबवू शकते. तीन खांबांनी एकमेकांना तोलून धरावे, तशी ही रचना आहे.

सत्तेची वाटणी आणखीही एका रीतीने केलेली आहे. देशाचे संरक्षण, परराष्ट्रांशी संबंध, रेल्वे, चलन यांसारखे विषय केंद्र शासनाकडे असतात. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य यांसारखे विषय राज्य शासनाकडे असतात. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद अशा या तीन पायऱ्या आहेत. सोलापूर शहराची नगरपालिका १९६४ साली महानगरपालिका झाली. महापालिकेचे नगरसेवक लोक निवडतात. महापौर हा नगरसेवकांतून निवडला जातो आणि आयुक्त हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो. १९९२ साली झालेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी या स्थानिक संस्थांना संविधानातच स्थान मिळाले. महाराष्ट्रात या संस्थांतील निम्म्या जागा आता स्त्रियांसाठी राखीव आहेत.

ही रचना कागदावर कोरडी वाटते. तेव्हा पुन्हा आपल्या नळाकडे वळू. सोलापूरच्या भागात पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. त्यामुळे भीमा नदीवर उजनी येथे मोठे धरण बांधण्यात आले. ते १९८० साली पूर्ण झाले. एवढे काम एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या शक्तीबाहेरचे. ते राज्य शासनाने केले. उजनीचे पाणी मोठ्या जलवाहिनीने सोलापुरास येते. ते शुद्ध करणे, पेठापेठांतून पोचविणे आणि गळकी नळवाहिनी दुरुस्त करणे हे महापालिकेचे काम. धरणाचे पाणी शेतीला किती, शहराला किती आणि कारखान्यांना किती, यावरून मतभेद होतात. ते शासनापुढे मांडता येतात. न्यायालयापुढेही नेता येतात. अशा रीतीने एका तांब्याभर पाण्यात शासनाच्या कितीतरी पायऱ्या मिसळलेल्या असतात.

परंतु त्या पाण्यात आणखीही काही मिसळलेले आहे, ते विसरता कामा नये. धरण झाले तेव्हा करमाळा, इंदापूर आदी तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची काळी जमीन, राहती घरे आणि गावची देवळे सोडली. बहुतांच्या हितासाठी काही जणांकडून असे मोठे दान घेण्याचा अधिकार केवळ शासनालाच असतो. म्हणूनच त्याला रोखठोक प्रश्न विचारण्याची सोय असणे अत्यावश्यक असते. ज्यांची जमीन गेली, त्यांना मोबदला मिळाला काय? नवी जमीन मिळाली काय? नव्या गावात शाळा आणि पाणी यांची सोय झाली काय? शासनाची शक्ती जेवढी मोठी, तेवढे त्याचे उत्तरदायित्वही मोठे असले पाहिजे.

दामाजीपंतांच्या कथेकडे पुन्हा पाहू. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. सोलापूर जिल्ह्यातही लक्षावधी हातांना काम उरले नाही. तेव्हा शासनाने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे काढून लोकांना मजुरी दिली. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा तयार झाला आणि तो १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्या खेड्यातील प्रौढ माणसाला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्या कायद्याने मान्य केले. मंगळवेढ्याच्या उपाशी शेतकऱ्याला कोठाराच्या दाराशी हात जोडून उभे राहावे लागले होते. रोजगार हमीच्या मजुराला कायद्याचे नाव घेऊन काम मागता येऊ लागले. मजुरी उशिरा मिळाल्याच्या, काम अपुरे पडल्याच्या तक्रारी झाल्या, हे खरे. परंतु तक्रार करता येणे हाच तर हक्काचा पुरावा आहे. दयेविरुद्ध तक्रार करता येत नाही.

आता जाब विचारण्याचे मार्ग कोणते, ते सांगितले पाहिजे. निवडणूक हा पहिला मार्ग. न्यायालय हा दुसरा. वृत्तपत्र आणि सभा हा तिसरा. खेडेगावात ग्रामसभा हा चौथा. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो आणि पैसा कोठे खर्च झाला, हे तो सरपंचास उघडपणे विचारू शकतो. २००५ साली देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. तेव्हापासून साध्या अर्जावर शासकीय कागदपत्रांची माहिती मागता येते. हे सारे मार्ग उघडे आहेत. परंतु ज्या वाटेने कोणी चालत नाही, त्या वाटेवर गवत माजते, हेही तितकेच खरे.

तुम्ही म्हणाल, “आम्हांला अजून मत नाही; मग आमचा या गोष्टीशी काय संबंध?” संबंध आहे. वर्गाचा प्रमुख निवडताना तुम्ही आपल्या मित्राला मत देता की योग्य मुलाला? खेळाचा नियम तुमच्या विरुद्ध जातो, तेव्हा तुम्ही तो पाळता की आरडाओरड करून बदलू पाहता? शाळेचा नळ वाहताना दिसला, तर तो बंद करता, की ते दुसऱ्याचे काम म्हणून पुढे जाता? ज्या गोष्टी सर्वांच्या असतात, त्या कुणाच्याच नाहीत असे मानण्याची आपल्याला वाईट सवय आहे. रस्त्यावरील दिवा फोडणारा मुलगा सरकारचे नुकसान केले असे समजतो; प्रत्यक्षात त्याने आपल्याच घरातील दिवा फोडलेला असतो, कारण त्या दिव्याची किंमत त्याच्या आईवडिलांच्या करातून दिली गेलेली असते.

राजेशाहीत लोक प्रजा असतात, परकीय सत्तेत ते गुलाम असतात आणि लोकशाहीत ते नागरिक असतात. प्रजेला आज्ञा पाळावी लागते, गुलामाला भिऊन राहावे लागते. नागरिकाला मात्र विचार करावा लागतो, प्रश्न विचारावे लागतात आणि वेळप्रसंगी स्वतः कामालाही लागावे लागते. म्हणून तिघांत नागरिकाचे काम सर्वांत अवघड आहे. १९३० च्या मे महिन्यात पोलीस निघून गेल्यावर चौकात उभे राहून रहदारी सांभाळणारे ते स्वयंसेवक अजून कायद्याने नागरिक झालेले नव्हते. वागणुकीने मात्र ते नागरिक झाले होते. आज संविधानाने आपणा सर्वांना नागरिक केले आहे. त्या नावाला शोभेल असे वागणे एवढेच आता आपल्याकडे उरले आहे.